तिसऱ्यांदा ‘हो’

४ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. तिन्हींचा वास छान येतोय आणि मी आज खूश आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असं वाक्य माझ्या हातून बऱ्याच वर्षांत उमटलेलं नाही.

काल वडनेरला सामान उतरवलं. सामान म्हणजे दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि आचल. आचल माझी मुलगी, साडेचार वर्षांची, आणि त्या सामानातली सगळ्यात जड वस्तू, कारण एस.टी.तून उतरल्यापासून तिनं स्वतःच्या पायावर उभं राहायला साफ नकार दिला. घरमालकीण यशोदाबाईंनी तिला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, नवरा कुठं असतो? मी म्हटलं, त्याच्या आईच्या पदराआड. त्या हसल्या. आमचं जमेल असं दिसतं. बालवाडी सुटली की आचलला आणून दिवसभर त्याच सांभाळणार आहेत.

सकाळी जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यावर, हजर झाले. हिंगणघाट रस्त्याला, गावातून चालत जाण्यासारखी. फाटकातून आत गेलं की कापसाचे ट्रॅक्टर आणि बैलबंड्या तोलायचा मोठा काटा, काट्याला लागून ऑफिस, ऑफिसात एक डेस्कटॉप आणि त्याच्यासमोर मी. कापसाची गाडी काट्यावर चढली की सॉफ्टवेअर उघडायचं, वजन घ्यायचं, चिठ्ठी छापायची. संध्याकाळी केसांत इतका कापूस अडकला होता की आचल म्हणाली, आई, तू आजी झाली.

मॅनेजर कैलासभाऊ अदबीनं बोलतात, पण कॉम्प्युटरमधल्या कशालाही हात लावू नका म्हणून दोनदा बजावलं. काटा सांभाळतात ते नत्थूजी. म्हातारे आहेत, चहा बशीतून पितात. आणि फाटकाजवळच्या बाकावर एक गृहस्थ होते, इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, काखेत फाइल. मला म्हणाले, मी पण नवीनच, कॉम्प्युटरच्या जागेसाठी आलोय. चेहरा अगदी हसरा. जागा मी पटकावलीय हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मुलीच्या ताब्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारलं होतं, मुलीला ठेवून घेशील, पण खायला काय घालशील? आता उत्तर आहे माझ्याकडे. नोकरी टिकली तर आचल माझी. आज एवढं पुरे.

६ नोव्हेंबर, बुधवार

हसावं की रडावं कळेना. वजनाचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी सगळा स्क्रीन काळवंडतो आणि मधोमध एक चौकट येते. या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. सगळं जग ‘हो’ दाबतं आणि कामाला लागतं. इथं आधी ‘नाही’ दाबायचं. सॉफ्टवेअर मिटतं. परत उघडायचं, परत ‘नाही’. तिसऱ्यांदा चौकट आली की मग ‘हो’. चिठ्ठी छापली की ते आपोआप बंद होतं, म्हणजे पुढच्या गाडीला पुन्हा पहिल्यापासून हाच तमाशा. बाहेर ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग रस्त्याला लागलीय, माणसं शिव्या देतायत, आणि आम्ही आत बसून यंत्राला नकार देतोय.

कैलासभाऊंना कारण विचारलं तर त्यांना नेमका फोन आला. नत्थूजींनी सांगितलं. म्हणाले, शिवारात एकटं असताना कोणी नाव घेऊन हाक मारली, त पहिल्या हाकेले ओ देते का कोणी? ज्याले खरंच काम हाये तो तिसऱ्यांदा बी हाक मारते. दुसरं जे असते ते दोनदा मारते अन् जाते. माझी आईही पवनारला हेच सांगायची, धामच्या काठानं एकटीनं येताना पहिल्या हाकेला मागं वळू नको. पण तो नदीकाठ होता, आणि हा कॉम्प्युटर आहे. मी म्हटलं, नत्थूजी, यात भूत नसतं. त्यांनी बशीत फुंकर मारली आणि म्हणाले, मी कुठं भूत म्हणलं, पोरी?

उंटावरचे शहाणे सगळे.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज गंमत झाली. दुपारी डबा खात होते. कशालाही हात लावलेला नव्हता. स्क्रीन आपसूक काळवंडला आणि चौकट आली. ॲपच्या नावाच्या जागी काहीच नाही. प्रकाशक : अज्ञात. बदल करू द्यायचे का? मी भाकरीचा हात पुसून ‘नाही’ दाबलं. थोड्या वेळानं परत. परत ‘नाही’. मग नाही आली. नत्थूजी खिडकीतून बघत होते, त्यांनी मान हलवली आणि काट्याकडे गेले. ही कोऱ्या नावाची चौकट रोजच येते म्हणे, फक्त वेळ सांगून येत नाही.

खरं सांगू का, मला बरं वाटलं. लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नाही. माझं एटीएम कार्ड सासूच्या कपाटात गेलं, विचारलं नाही. आचलचं नावसुद्धा मला बारशाच्या दिवशी इतर बायांबरोबर कळलं. आणि इथं एक भंगार ॲप माझ्यापुढे येऊन विचारतं की करू का, आणि नाही म्हटलं तर निमूट निघून जातं. त्या घरापेक्षा याच्यावर संस्कार बरे झालेत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाकावरच्या गृहस्थांचं नाव रूपराव. ते रोज येतात आणि रोज पहिल्यांदाच आलेले असतात. आजही मला म्हणाले, नमस्कार, मी नवीनच, जागा आहे का इथं? कुणी त्यांना हाकलत नाही, चहा देतात.

दुपारी एक बाई त्यांचा डबा घेऊन आल्या. जिजाबाई, त्यांची बायको. रूपरावांनी उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, बाई, तुमचे फार उपकार, तुम्ही कुठल्या? जिजाबाईंनी डबा उघडून पुढे ठेवला आणि फाटकाकडे पाठ करून ते जेवेपर्यंत बसून राहिल्या. मी खिडकीतून बघत होते. मी माझा डबा तसाच झाकून ठेवला.

नत्थूजींनी सांगितलं, मी बसते त्या खुर्चीवर आधी रूपरावच होते. हंगामाची घाई, बाहेर बोंबाबोंब, आणि त्यांनी कोऱ्या नावाच्या त्या चौकटीला पहिल्याच वेळी ‘हो’ दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते असेच इस्त्री करून आले. मी म्हटलं, मेंदूचा झटका असेल, डॉक्टरला दाखवलं का? दाखवलं म्हणे, नागपूरलेबी नेलतं. डॉक्टरले काई सापडलं नाई.

मेंदूला काहीतरी झालं आणि खापर फुटलं बटणावर. लोकांना काहीतरी कारण लागतंच.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज मी सगळ्यांना सरळ केलं!

सकाळपासून रांग हलत नव्हती. एका शेतकऱ्यानं खिडकीवर हात आपटून म्हटलं, बाई, झोपून राह्यल्या काय? आणि वर कैलासभाऊ आत येऊन मलाच म्हणतात, जरा लवकर करा. मी म्हटलं, मग ते नाही-नाही-हो बंद करते. ते म्हणाले, त्याले हात लावू नका. आता मला कुणी ‘हात लावू नकोस’ म्हटलं की त्या घरचं स्वयंपाकघर आठवतं आणि माझा हात शिवशिवतो.

ते बाहेर गेल्यावर कंट्रोल पॅनल उघडलं. या चौकटी किती वेळा याव्यात याची तिथं एक उभी पट्टी असते. सगळ्यात वर म्हणजे प्रत्येक गोष्टीला विचारा, सगळ्यात खाली म्हणजे कधीच विचारू नका. माझं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, अडवणार कोण? माउसनं पट्टी खाली ओढली. स्क्रीन एकदा काळवंडला, खात्री आहे का म्हणून विचारलं, मी ‘हो’ दाबलं. पहिल्याच वेळी.

दुपारपर्यंत रांग संपली. सॉफ्टवेअर लोण्यातून सुरी जावी तसं उघडत होतं. कैलासभाऊ म्हणाले, आज जमलं बुवा. कसं जमलं ते मी सांगितलं नाही. नत्थूजी मात्र जाताना खिडकीशी थांबले आणि विचारलं, दुपारची ती आली नाई काय आज? मी म्हटलं, आता नाही यायची, मी तिचं तोंडच बंद केलं. त्यांनी खिडकीचा गज धरला. मग म्हणाले, तिचं तोंड बंद केलं, अन् तिचे हात?

म्हातारा मुद्दाम घाबरवतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. आचलला बरोबर घेऊन पवनारला आईकडे गेले, मत दिलं. माझ्या बोटाची शाई बघून आचलनं भोकाड पसरलं, तिलाही पाहिजे. शेवटी पर्समध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचा निळा मार्कर निघाला, त्यानं तिच्या बोटावर टिकली काढून दिली. ती शाई सहजासहजी जात नाही. मग तिनं माझ्या शाईशेजारी माझ्याही बोटावर निळी टिकली काढली. म्हणाली, आता हरवलो तरी सापडू.

संध्याकाळी वकिलांचा फोन. नवरा दोन डिसेंबरला मुलीला भेटायला येणार, जिनिंगच्या फाटकावर. कोर्टानं फक्त भेटीची मुभा दिलीय, न्यायची नाही. माझ्या संमतीशिवाय तो तिला नेऊ शकत नाही. मी म्हटलं, माझी संमती? ती त्याला या जन्मात मिळणार नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजारातून कारली आणली. आचल ताटाकडे बघून रडायला लागली. यशोदाबाई म्हणाल्या, तिले कारलं नाई ना आवडत, तूच त सांगितलं होतं मले. मी सांगितलं होतं? आठवत नाही. थकले असेन.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फोनमध्ये आचलचे फोटो शोधले. आहेत. पण तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो बघताना वाटलं, ही मुलगी कुणाची, चेहरा ओळखीचा आहे. क्षणभरच. मग सगळं जागेवर आलं. बाळंतपण कुठं झालं ते आठवायला बसले. दवाखाना आठवतो, पंखा आठवतो, वेदना आठवत नाहीत. त्या कुणी विसरतं का?

२५ नोव्हेंबर, सोमवार

मी आज घरी आले, चहा केला, एकटीनं प्याले, पाय पसरून बसले. छान वाटत होतं. दारात यशोदाबाई आचलचा हात धरून उभ्या. म्हणाल्या, घ्यायले आली काऊन नाई? आणि मी — मी त्यांना विचारणार होते की ही कोण. ओठांपर्यंत आलं होतं. आचलनं बोट पुढे केलं, निळी टिकली. तेव्हा आठवलं.

तिला छातीशी धरून रात्रीपर्यंत सोडलं नाही. ती म्हणाली, आई, दुखतंय.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मूर्ख आहे मी. मूर्ख, मूर्ख. सकाळी फाटक उघडायच्या आत ऑफिसात गेले. कंट्रोल पॅनल. पट्टी तळाला. वर ओढली. स्क्रीन काळवंडला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. चौकट आली, पण त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ नव्हतं. हा बदल करण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच! खातं उघडून बघितलं. माझ्या नावाखाली ‘साधा वापरकर्ता’. कधी झाले? कुणी केलं? ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागी एकच खातं, नाव कोरं.

कैलासभाऊंकडचा पासवर्ड टाकला. चूक. नत्थूजींनी सरळ वायर ओढून काढली. स्क्रीन विझला. पण दुपारी मी परत विसरले होते की आज मंगळवार आहे आणि आचलला ताप आहे.

नत्थूजी म्हणाले, आता वायर ओढून काय होते? रूपरावनं एकदा दार उघडलं, तेनं एकदाच हात मारला. तू त कडीच उपटून फेकली, पोरी. ते आता येते अन् जाते.

म्हातारा रडत होता. मला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी रोज येऊन मला विचारत होतं, आणि मीच त्याला सांगितलं, विचारू नकोस. इतरांनी जे केलं ते मी माझ्या हातानं केलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ठरलं. नोकरी गेली खड्ड्यात. आचलला घेऊन पवनारला जाते, आज सकाळच्या गाडीनं. आईजवळ राहीन. बॅग भरली आहे.

दुपार. मी ऑफिसात आहे. इस्त्रीचा ड्रेस घातलाय. बॅग घरी असेल. इथं कशी आले ते — कैलासभाऊ म्हणाले, सकाळी फाटकावर येऊन तुम्ही मलाच विचारलं, जागा आहे का म्हणून. ते माझ्याकडे बघत नाहीत आता.

२८ नोव्हेंबर

हे मी मलाच लिहितेय. मयुरी, वाच. तुझं नाव मयुरी. आचल तुझी मुलगी. साडेचार वर्षांची. कारलं आवडत नाही. बोटावर निळी टिकली. दोन तारखेला जो येईल तो तिचा बाप. त्याला काहीही विचारलं तरी नाही म्हण. नाही. नाही. कितीदाही विचारलं तरी.

भिंतीवरही लिहिलं.

२९ नोव्हेंबर

आईला फोन लावला. आवाज ओळखीचा. काय बोलायचं होतं ते —

भिंतीवरचं कुणीतरी पुसलंय. यशोदाबाई म्हणतात तूच पुसलं, म्हणत होती कोण पोरानं घाण केली.

न विचारता. सगळं न विचारता. थांब ना. एकदा विचार. मी नाही म्हणेन, तू जायचास, रोज जायचास —

३० नोव्हेंबर

टिकली पुसट. मार्कर सापडत नाही.

एक मुलगी माझ्या अंथरुणात झोपते. गरम अंग. तिला उठवू नये असं वाटतं. का ते

आचल आचल आचल आ

२ डिसेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली. वही मात्र जुनी, खोलीत सापडली. सुरुवातीची पानं कुणीतरी लिहिलेली आहेत. दुसऱ्याची रोजनिशी परवानगीशिवाय वाचणं बरं नाही, म्हणून ती पानं टाचणीनं बंद केली आणि कोऱ्या पानावर लिहितेय. मी आज खूश आहे.

सकाळी इस्त्री करून जिनिंगवर आले. नोकरी अजून मिळायचीय, पण मिळेल. फाटकाजवळ बाकावर रूपराव म्हणून एक सज्जन बसलेत, तेही नवीनच. त्यांनी सरकून जागा दिली. काट्यावरचा एक म्हातारा चहा घेऊन आला आणि माझ्या हातात कप देऊन तोंड फिरवून गेला. प्रेमळ माणसं आहेत इथली.

आत्ता एक गाडी येऊन थांबली. तेवढ्यात गावाकडून एक बाई एका लहान मुलीला घेऊन चालत आल्या, मुलगी धावत येऊन माझ्या मांडीला बिलगली. गोड आहे. आई म्हणते मला! बोट दाखवतेय, त्यावर निळा ठिपका. गंमत म्हणजे माझ्याही बोटावर तसाच काहीसा डाग आहे, कशाचा कोण जाणे. हात गुंतलाय म्हणून वही गुडघ्यावर धरून लिहितेय.

गाडीतून उतरलेला माणूस समोर उभा आहे. नीटनेटका, सभ्य. मला विचारलं, हिला घेऊन जाऊ का? माझ्या तोंडून आपसूक ‘नाही’ निघालं. का ते कळलं नाही, माझा काय संबंध? त्यानं परत विचारलं. परत तोंडून ‘नाही’च आलं, मलाच हसू आलं. काट्यावरचा म्हातारा तिकडून ओरडत पळत येतोय, काय म्हणतोय ऐकू येत नाही.

हा माणूस काही रागावला नाही. आता तिसऱ्यांदा विचारतोय. इतकं विचारून करणारी माणसं आजकाल कुठं भेटतात? याचं खरंच काम असणार. मुलगी माझा हात सोडत नाही, पण मी त्यांना ह